दोष बॅटरीचा की जोडणीचा?



आपल्या राजेगावच्या बाजूला आता बंडीची जागा बहुतेक घरी पिकअपने घेतली आहे. धानाची पोती खरेदी केंद्रावर न्यावयाची असोत, राईस मिलमधून तांदूळ आणावयाचा असो, बाघ नदीचा पूल ओलांडून गोंदियाच्या बाजारात भाजी पोहोचवावयाची असो किंवा रात्री-अपरात्री रोग्याला बालाघाटला न्यावयाचे असो, हाक जाते ती पिकअपलाच. नवी गाडी घेणे सर्वांना परवडत नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षे वापरलेली, दोन हात फिरून आलेली गाडी आपण घेतो आणि तिच्यावर संसार चालवितो. त्यात गैर काही नाही. जुनी गाडी नीट राखली तर पुष्कळ वर्षे इमानाने काम देते.

परंतु एक तक्रार वारंवार कानी येते. सकाळी चावी फिरविली, तर ‘टक्’ असा एक आवाज होतो आणि पुढे सारे शांत. लगेच चार जण गोळा होतात आणि निकाल देऊन मोकळे होतात, ‘बॅटरी गेली.’ मग काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी येते. महिनाभराने पुन्हा तोच ‘टक्’. तेव्हा निकाल बदलतो, ‘सेल्फ गेला.’ पुन्हा खर्च. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. माझे स्पष्ट मत असे की, मोजल्यावाचून आणि तपासल्यावाचून एकही वस्तू बदलू नये. आणि तपासणीचे हे साधे ज्ञान मेकॅनिकपुरते न राहता प्रत्येक गाडीवाल्या घरी असले पाहिजे.

हे मत पुस्तक वाचून झालेले नाही. धर्मग्रामाची जुनी डिझेल पिकअप आहे, तिने ते मला शिकविले. काही वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत तिने प्रथम हट्ट धरला. शहरातील एका दुकानात नेली. बॅटरी जुनी झाली आहे, असे सांगण्यात आले. मी ती बदलली व जुनी त्यांनाच मोडीत दिली. तीन आठवडे गाडी छान चालली. मग पुन्हा तेच. या वेळी सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. पुन्हा काही दिवस बरे गेले. कार्तिकातील एका रात्री शेजारच्या पाड्यावरील एका बाईला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. गाडी दारात उभी होती, म्हणून दुसरी कुठलीही सोय कोणी केली नव्हती. मी चावी फिरविली. टक्. पुन्हा फिरविली. टक्. दिवे मात्र लख्ख जळत होते. शेवटी आठ जणांनी चिखलातून ढकलीत गाडी उतारावर नेली, तेव्हा ती सुरू झाली. बाई व बाळ दोघेही सुखरूप राहिली. पण गेलेला पाऊण तास मला आजही विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीवर हात बसलेला आमचा एक तरुण म्हणाला, ‘फादर, चावी मारली की ॲक्सिलरेटरची तार गरम होते.’ मला ते हास्यास्पद वाटले. चावीचा आणि त्या तारेचा काय संबंध? पण गावातील पंपाच्या मोटारी बांधणारे एक वृद्ध गृहस्थ ते ऐकताच उठले. एक जाड केबल घेऊन तिचे एक टोक त्यांनी बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला धरले आणि मला चावी फिरवावयास सांगितले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. खाली वाकून पाहिले, तर इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडून कुजली होती. तिचे जेमतेम चार-पाच धागे शिल्लक होते. सेल्फला लागणारा प्रवाह परत जाण्यास रस्ता न मिळाल्याने ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून वाट काढीत होता, म्हणून ती तापत होती. नवी पट्टी आणि घासलेला बोल्ट, एवढ्यावर काम भागले. बॅटरी आणि कार्बन यांवर केलेला खर्च बहुधा व्यर्थ होता. ‘बहुधा’ म्हणतो, कारण जुनी बॅटरी मोडीत गेल्यामुळे ती खरोखर खराब होती की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

येथे कोणी विचारील, दोष पट्टीचा होता तर नवी बॅटरी टाकल्यावर गाडी तीन आठवडे का चालली? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण याच फसवणुकीत आपण सापडतो. नवी बॅटरी जोमदार असते. अर्धवट तुटलेल्या रस्त्यातूनही ती काही दिवस प्रवाह ढकलते. शिवाय बॅटरी बदलताना तिचे चिमटे घासले जातात, सेल्फ काढता-लावताना तारा हलतात व तात्पुरत्या जुळतात. आपल्याला वाटते औषध लागू पडले. प्रत्यक्षात दुखणे दबलेले असते. गाडी सुरू झाली म्हणजे दोष सापडला, असे होत नाही.

आता या व्यवस्थेचे काम थोडक्यात समजून घेऊ. एकेकाळी मोटारगाडी हँडल फिरवून सुरू करीत. इंजिनाने उलटा झटका दिला तर माणसाचे मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसविण्यात आला. आजच्या पिकअपमध्येही मूळ तत्त्व तेच आहे. बॅटरीत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. चावी फिरविली की लहानसा प्रवाह सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो: सेल्फचा छोटा दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवितो आणि आतील तांब्याचे जाड संपर्क जुळवितो. मग बॅटरीतून शेकडो अँपिअरच्या घरातील प्रवाह सेल्फमध्ये जातो आणि इंजिनाच्या लोखंडातून, त्या अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे परततो. ‘टक्’ हा आवाज सोलेनॉइडचा असतो. चावी, फ्यूज व रिले बहुतेक ठीक आहेत, हे तो आवाज सांगतो.

नुसते मीटर लावून का भागत नाही, हे आपल्या पंपाच्या उदाहरणाने कळेल. पाइपच्या तोंडाचा नळ बंद असेल तर पाइप मध्ये कितीही तुंबलेला असो, टोकाशी पाण्याचा दाब पूर्ण भरतो. नळ उघडला की धार करंगळीएवढी येते. विजेचेही तसेच आहे. तार एका धाग्यावर लोंबत असली तरी प्रवाह वाहत नसताना मीटर १२.६ दाखवील. म्हणून तपासणी चावी फिरविलेली असताना, म्हणजे काम चालू असताना, केली पाहिजे.

प्रथम कानाने आणि डोळ्याने तपासावे. त्याला पैसा लागत नाही. हेडलाइट लावावेत व कोणाला तरी चावी फिरवावयास सांगून स्वतः दिव्यांकडे पाहावे.

दिवे जवळजवळ विझले आणि ‘टक-टक-टक’ अशी माळ लागली, तर बॅटरी उतरलेली असावी किंवा तिच्या खांबांवरचे चिमटे सैल वा गंजलेले असावेत.

इंजिन जड-जड, कण्हत फिरले, तर बॅटरी, जाड केबल, अर्थिंग किंवा सेल्फचे झिजलेले बुश यांपैकी काहीतरी आहे.

एकच ‘टक्’ झाला व दिवे तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीला दोष देण्याची घाई करू नये. मोठा प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा परत येत नाही. सोलेनॉइडचे संपर्क, सेल्फचे कार्बन आणि इंजिनचे अर्थिंग पाहावे. आमच्या गाडीचे लक्षण हेच होते आणि ते त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला वाचता आले नाही.

काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार पाहावी. धान घरात आल्यावर उंदीर वाढतात आणि गोदामात उभ्या असलेल्या गाडीच्या तारा ते कुरतडतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

सेल्फ नुसता घूं-घूं फिरतो पण इंजिन हलत नाही, तर दातेरी चाक अडकत नाही. आणि इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर सेल्फला व बॅटरीला हात लावू नये. तेथे डिझेलची वाट पाहावी: फिल्टर तुंबला आहे का, नळीत हवा शिरली आहे का, डिझेल पंपावरील बंद करणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळते का. ज्या इंजिनाला हीटर प्लग असतात, त्याचे ते प्लग पौष महिन्याच्या थंडीत तपासावेत.

यानंतर मीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी नव्हे. ती आधी पूर्ण चार्ज करावी आणि मगच तिची परीक्षा घ्यावी. चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी कमजोर तरी आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आहे. पाणी घालावयाच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा पाहावा. पाच कप्पे सारखे आणि एकच ०.०५० ने खाली असेल, तर मात्र त्या बॅटरीचे दिवस भरले.

मग रस्ता तपासावा. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढी शक्ती वाटेतच जळत आहे. त्याचप्रमाणे धन खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंत मोजावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक तूट नसावी. शेवटी सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये मोजावे. ‘टक्’ झाल्यावरही तेथे १२ च्या आसपास आकडा कायम राहत असेल, तर आतील संपर्क जळाले आहेत. तीन मोजमापे, दहा मिनिटे. एवढे केले असते तर धर्मग्रामाचे पैसे वाचले असते आणि ती रात्र टळली असती.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा सैल पट्टा बॅटरीला उपाशी ठेवीत आहे. उपाशी बॅटरी बदलून दुसरी आणली तर तीही उपाशीच मरेल.

आता आरोग्याच्या दृष्टीने चार गोष्टी, कारण अशा कामात माणसे जखमी होतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी किंवा काडी पेटवू नये. पाने व साखळ्या खांबांना टेकू देऊ नयेत. चिमटे काढताना ऋणाचा आधी काढावा व लावताना शेवटी लावावा. चिमट्यावरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवावी, मात्र ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर व्हॅसलीन लावावे. कप्प्यांत विहिरीचे पाणी घालू नये, डिस्टिल्ड पाणीच घालावे. आम्ल डोळ्यांत उडाले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टर गाठावा. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना धन खांब धन खांबाला जोडावेत. ऋणाची केबल आधी चांगल्या गाडीच्या बॅटरीला लावावी व तिचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. पेचकस टेकवून सेल्फ फिरविण्याची सवय सोडावी. गाडी गियरमध्ये असली तर ती उडी घेऊन समोरच्या माणसावर जाते. तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा व चाकाला दगड लावावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहीत आहे तिच्याकडे येतो. काही जण म्हणतील, ‘हे मेकॅनिकचे काम, आम्ही कशाला त्यात पडावे?’ आणि काही जण म्हणतील, ‘मेकॅनिकच लुटतात.’ दोन्ही मला पटत नाही. आपल्याकडील बहुतेक मेकॅनिक कष्टाळू आहेत. परंतु आपण त्यांना पैसे कशाचे देतो, याचा विचार करा. तासभर मीटर लावून, खाली झोपून, चार बोल्ट घासून त्याने गाडी सुरू करून दिली आणि २०० रुपये मागितले, तर आपण म्हणतो, ‘काही बदलले तर नाही, मग पैसे कशाचे?’ हजारो रुपयांची बॅटरी दिली तर मात्र मुकाट्याने मोजतो. तपासणीची मजुरी आपण देत नाही, वस्तूची किंमत देतो. म्हणून तो तपासत नाही, वस्तू विकतो. हा दोष त्याच्या इतकाच आपलाही आहे.

दवाखान्यातही आपण असेच वागतो. डॉक्टरांनी नीट तपासून ‘औषध नको, विश्रांती घ्या’ असे सांगितले तर आपल्याला ते पटत नाही. सुई टोचली किंवा सलाईन लावले तरच पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. मग तसेच दवाखाने भरभराटीस येतात. ज्याला निदानाची किंमत नाही, त्याला औषधाची दुप्पट किंमत मोजावी लागते, मग ते शरीर असो वा गाडी.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मेकॅनिककडे गेल्यावर ‘बॅटरी बदला’ असे सांगू नये. लक्षण सांगावे: आवाज कसा होतो, दिवे मंदावतात का, काय तापते. आणि म्हणावे, ‘आधी मोजून दाखवा, तपासणीचे पैसे वेगळे देतो.’ जुनी वस्तू मोडीत देण्यापूर्वी तिचा दोष डोळ्यांनी पाहावा. दुसरी, काही शंभर रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. प्रत्येक घरी नको, पण चार-पाच घरांत मिळून एक असावा आणि एका तरुणाने किंवा तरुणीने तो वापरावयास शिकावे. आमच्या गाडीचा दोष ज्याच्या हाताला प्रथम जाणवला तो शिकलेला मेकॅनिक नव्हता. तो लक्ष देणारा मुलगा होता. आणि मी त्याच्यावर हसलो होतो, हेही कबूल करतो. तिसरी, रोग्यासाठी किंवा बाळंतिणीसाठी एकाच जुन्या गाडीवर विसंबू नये. १०८ ला आधी फोन करावा आणि मग चावी फिरवावी.

ही कामे धान कापणीपूर्वीच उरकावीत. रोवणीनंतर गाडी उभी राहते, पावसाने चिमटे गंजतात, बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेली तशीच राहिली तर तिच्या पट्ट्यांवर कायमचा थर धरतो. दसऱ्याच्या आसपास एक सकाळ काढावी. चिमटे घासावेत, अर्थिंगची पट्टी वाकून पाहावी, तीन मोजमापे घ्यावीत व आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांशी ताडून पाहता येईल.

आमच्या पिकअपमध्ये ती कुजलेली पट्टी मी अजून ठेवली आहे. गाडीविषयी सल्ला विचारावयास कोणी आले की आधी ती त्यांच्या हातात देतो.